विजेच्या मोटारीचा मागील स्टॅबिलायझर दांडा : काम, परीक्षा आणि बदल

विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्या आता मुंबई-पुण्यापुरत्या राहिलेल्या नाहीत. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावीही त्या नजरेस पडू लागल्या आहेत. या गाड्यांना इंजिन नाही, इंजिनाचे तेल नाही, प्लग नाहीत, सायलेन्सर नाही. तेव्हा मेकॅनिकने त्यांत करावयाचे तरी काय, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. या प्रश्नात अर्धेच सत्य आहे. चाके, स्प्रिंगा, शॉक अॅब्सॉर्बर, स्टिअरिंग, रबरी बुश आणि या सर्वांना बांधून ठेवणारा गाडीचा तळभाग जुन्या गाडीत होता तसाच विजेच्या गाडीतही आहे. किंबहुना बॅटरीचे ओझे आल्यामुळे या भागांवरील भार वाढलाच आहे. इंजिन गेले तरी खड्डे गेलेले नाहीत.

तळभागातील अशाच एका दुर्लक्षित पण महत्त्वाच्या अवयवाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. गॅरेजमध्ये त्यास स्टॅबिलायझर बार किंवा अँटी-रोल बार म्हणतात. दिसावयास तो इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा, वाकवलेला एक पोलादी दांडा असतो. मागच्या चाकांजवळचा हा दांडा बदलण्याचे काम फार अवघड नाही. मात्र तो केव्हा बदलावा, त्याच्या जागी कोणता बसवावा आणि विजेच्या गाडीखाली हात घालताना कोणते पथ्य पाळावे, या तीन गोष्टींत गफलत झाली तर परिणाम गंभीर होऊ शकतो.

दांडा काय करतो?

गाडी वेगाने वळण घेते तेव्हा तिचा सांगाडा वळणाच्या बाहेरच्या अंगाला कलतो. बाहेरच्या चाकावरील स्प्रिंग दबते, आतल्या चाकावरील स्प्रिंग ताणली जाते. हे कलणे आवरण्यासाठी स्प्रिंगा कडक कराव्यात तर सरळ रस्त्यावरही गाडी हादरे देऊ लागते. यातून काढलेली वाट म्हणजे हा दांडा होय. त्याचा मधला सरळ भाग रबरी बुशांमध्ये धरून गाडीच्या सांगाड्याला किंवा सबफ्रेमला बांधलेला असतो. त्याची दोन्ही टोके, मेकॅनिक ज्यांना लिंक रॉड म्हणतात त्या आखूड सळ्यांनी, डाव्या व उजव्या चाकाच्या आर्मला जोडलेली असतात.

ओले धोतर पिळताना दोन माणसे दोन टोके धरतात. दोघांनी ते एकाच अंगाला फिरवले तर धोतर नुसतेच फिरते, त्याला पीळ पडत नाही. परस्परविरुद्ध अंगांना फिरवले म्हणजे पीळ पडतो. दांड्याचे तसेच आहे. दोन्ही चाके एकदम वर गेली, उदाहरणार्थ रुंद गतिरोधकावर, तर दांडा बुशांमध्ये नुसता फिरतो आणि कोणताच विरोध करीत नाही. एक चाक वर व दुसरे खाली गेले की त्याला पीळ पडतो. पोलाद तो पीळ उलगडू पाहते आणि सांगाड्याचे कलणे आवरले जाते. कल्पना साधी आहे आणि जुनीही आहे. अशा दांड्याचे पेटंट कॅनडातील एका संशोधकाला १९१९ सालीच मिळाले होते.

येथपर्यंतची हकिकत बहुतेकांना ठाऊक असते. याच दांड्याचे दुसरे कार्य मात्र पुष्कळांना ठाऊक नसते आणि खरा धोका तेथेच आहे. वळणावर आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. हा भार एकूण किती सरकणार, ते गाडीचे वजन, तिच्या गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील अंतर आणि वळणाचा वेग यांवर ठरते. दांडा कितीही जाड केला तरी या एकूण सरकत्या भारात फारसा फरक पडत नाही. मात्र त्यातील किती वाटा पुढच्या दोन चाकांनी सोसावयाचा आणि किती मागच्या दोन चाकांनी, याची वाटणी पुढचा व मागचा दांडा मिळून करतात. टायरवरील भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, ती त्याहून कमीच वाढते. त्यामुळे ज्या जोडीवर सरकत्या भाराचा मोठा वाटा पडतो, त्या जोडीची एकंदर पकड घटते. मागचा दांडा अधिक कडक केला की मागची चाके लवकर घसरू लागतात. पुढचा कडक केला तर पुढची.

पुढची चाके आधी घसरली तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. चालकाचा पाय आपोआप वर येतो, वेग कमी होतो आणि बहुधा गाडी सावरते. मागची चाके आधी घसरली तर गाडीची शेपटी पुढे येऊ लागते आणि ती सावरण्याचे कसब सामान्य चालकापाशी नसते. म्हणूनच रस्त्यावरील बहुतेक गाड्यांची रचना पुढची चाके आधी घसरावीत अशीच केलेली असते. मागच्या दांड्याची जाडी ही अशा हिशेबातून ठरलेली गोष्ट आहे. कारखान्यात काटकसर म्हणून तो बारीक ठेवला आहे, हा समज सर्वस्वी बरोबर नाही.

दोन जुनी उदाहरणे

अमेरिकेत १९६० च्या मॉडेलपासून शेवरोले कंपनीची कॉर्व्हेअर ही मागे इंजिन असलेली मोटार विक्रीस आली. वजन मागे आणि मागचे आस चाकांसह वरखाली झुलणारे, अशी तिची घडण होती. पुढच्या बाजूस स्टॅबिलायझर दांडा असता तर सरकत्या भाराचा अधिक वाटा पुढे गेला असता व मागच्या चाकांवरील ताण हलका झाला असता. परंतु आरंभीच्या गाड्यांत तो नेहमीच्या साहित्यात नव्हता. १९६४ च्या मॉडेलमध्ये तो दिला गेला आणि मागेही आडवा पाटा बसविण्यात आला. पुढील वर्षी राल्फ नेडर यांनी मोटारींच्या सुरक्षिततेवर लिहिलेल्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात या गाडीवर कडक टीका केली. १९७२ मध्ये अमेरिकी शासनाच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने मात्र, ही गाडी तत्कालीन इतर गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष काढला. तो वाद बाजूस ठेवला तरी एका दांड्याच्या असण्या-नसण्याला केवढे महत्त्व येऊ शकते, हे त्यातून दिसते.

दुसरे उदाहरण विजेच्या गाडीशी अधिक जवळचे आहे. मर्सिडीज-बेंझ कंपनीची पहिली ए-क्लास ही उंच व आखूड गाडी. बॅटरीसारखी पर्यायी शक्तिसाधने सामावून घेता यावीत हा विचार करून तिचा तळ दुपदरी बनविण्यात आला होता. प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या गाड्या मात्र पेट्रोल-डिझेलच्या होत्या. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधील एका मोटार-मासिकाच्या चाचणीत, रस्त्यात अचानक सांबरासारखे मोठे जनावर आडवे आल्यास गाडी एकदम डावी-उजवीकडे वळवावी लागते तशी ती वळविली असता, ही गाडी उलटली. कंपनीला गाड्यांची पाठवणी थांबवावी लागली. पुढे सस्पेन्शनमध्ये फेरफार करण्यात आले आणि घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा प्रत्येक गाडीत देण्यात आली. तळात जड बॅटरी असती तर गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला असता, हे उघड आहे.

विजेच्या गाडीत वेगळे काय?

आजच्या विजेच्या मोटारीत नेमके हेच असते. साधारणतः तीनशे ते पाचशे किलो वजनाची बॅटरी तळाशी सपाट पसरलेली असते. गुरुत्वमध्य खाली असल्यामुळे गाडी कमी कलते. पण एकूण वजन मोठे असल्यामुळे दांडा, लिंक रॉड आणि बुश यांनी सोसावयाचा भार कमी होत नाही. शिवाय इंजिनाचा आवाज नसल्यामुळे, डिझेल गाडीत जी खडखड कानी पडली नसती, ती येथे पहिल्या दिवसापासून ऐकू येते. ‘गाडी नवी असून मागून आवाज येतो’ ही तक्रार म्हणूनच वारंवार होते. प्रत्येक वेळी गाडी खरोखर बिघडलेली असतेच असे नाही.

यापेक्षाही महत्त्वाचा फरक ब्रेकचा आहे. चालकाने पेडलवरचा पाय उचलताच विजेची मोटार जनित्राचे काम करू लागते, बॅटरी भरू लागते आणि चाकांना आपोआप रोध होतो. मोटार फक्त मागच्या आसावर असेल तर हा रोध मागच्या चाकांनाच होतो. आता पावसाळ्यात आंबोलीचा किंवा ताम्हिणीचा उतार डोळ्यांसमोर आणावा. रस्ता ओला आहे, वळण आवळत जाते आहे, चालकाने घाबरून पाय उचलला आहे. मागच्या टायरांची काही पकड वळण्यात आणि काही रोधात खर्च होते. त्यात मागचा दांडा हौसेने जाड केलेला असेल, तर उरलेली पकड आणखी घटते. गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अशा वेळी मदतीस येते हे खरे. पण तिचा हिशेब कारखान्याने बसविलेला दांडा गृहीत धरूनच मांडलेला असतो.

आधी एक साधी गोष्ट पाहून घ्यावी. आपल्या गाडीला मागे असा वेगळा दांडा आहे का? टाटा नेक्सॉन ईव्ही, महिंद्रा एक्सयूव्ही४००, एमजी झेडएस ईव्ही यांसारख्या गाड्यांत मागची दोन्ही चाके एका आडव्या तुळईने जोडलेली असतात. ती तुळईच पिळली जाते आणि दांड्याचे काम करते. अशा गाडीला ‘मागचा स्टॅबिलायझर बदलून द्या’ असे म्हणणे निरर्थक होय. ह्युंदाईची कोना इलेक्ट्रिक आणि आयोनिक ५, चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या नव्या बीई ६ व एक्सईव्ही ९ई, किंवा जुलै २०२५ पासून मुंबईत दालन उघडून विकली जात असलेली टेस्ला मॉडेल वाय, यांची मागची चाके अनेक स्वतंत्र आर्मवर झुलतात. वेगळ्या दांड्याची जागा अशा रचनेत असते. गाडीखाली डोकावून पाहिले की उलगडा होतो.

दोष नेमका कोठे आहे?

दांडा क्वचितच मोडतो. झिजतात ते लिंक रॉडचे गोलक सांधे आणि रबरी बुश. तरीही खडखड ऐकताच संपूर्ण दांडा बदलण्याचे अंदाजपत्रक हाती देणाऱ्या कार्यशाळा आहेत. ग्राहकाने घाई न करता आधी परीक्षा मागावी.

परीक्षेचे तत्त्व वर सांगितलेलेच आहे. रुंद गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम वर जातात, तेव्हा दांड्याला पीळ पडत नाही. एकाच चाकाखाली येणाऱ्या खड्ड्यात मात्र पडतो. तेव्हा गतिरोधकावर गाडी शांत राहून, एका बाजूच्या खड्ड्यात ती खडखडत असेल, तर संशय दांड्याच्या जोडण्यांवर घ्यावा. दोन्हीकडे सारखाच आवाज येत असेल तर शॉक अॅब्सॉर्बरचे वरचे बैठे बुश किंवा आर्मचे बुश तपासावेत. ही कसोटी अगदी अचूक नाही, फार सैल झालेला लिंक रॉड कोठेही वाजतो. परंतु दिशा दाखविण्यास ती पुरेशी आहे. त्यानंतर गाडी रॅम्पवर चाकांवरच उभी असताना लिंक रॉड मुठीत धरून हलवावा. सांध्यात खेळ असेल तर हाताला कळतो. सांध्यावरचे रबरी टोपण फाटले असेल तर आत धूळपाणी शिरून तो सांधा लवकरच जाणार, असे समजावे. बुश भेगाळलेला, दांड्यापासून सुटलेला किंवा एका अंगाने चपटा झालेला दिसतो. कोरडी करकर बहुधा बुशाची, टकटक बहुधा लिंक रॉडची असते.

प्रत्यक्ष दांडा बदलणे तीन परिस्थितींत आवश्यक ठरते. पहिली, दांड्याला तडा जाणे किंवा तो मोडणे. तडा बहुधा वाकणापाशी किंवा बुशालगत, जेथे रंग उडून गंज धरला आहे तेथे जातो. कोकणच्या खाऱ्या हवेत ही जागा विशेष पाहावी. दुसरी, अपघातात वा दगडावर आपटून दांडा वाकणे. तिसरी परिस्थिती अलीकडची आहे. काही नव्या गाड्यांत बुश दांड्यावरच चिकटवून पक्का केलेला असतो व तो सुटा मिळत नाही. तेथे बुश गेला की संपूर्ण दांडा घेण्यावाचून गत्यंतर नसते. एरवी बुशाची किंवा लिंक रॉडची जोडी बदलून काम भागते. लिंक रॉड बदलावयाचे झाल्यास डावा-उजवा दोन्ही एकदम बदलावेत, कारण दोघांचे वय सारखेच असते.

तडा गेलेला दांडा वेल्डिंगने जोडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. हे स्प्रिंगचे पोलाद आहे. त्याला पाणी दिलेले असते आणि वेल्डिंगच्या आचेने त्याचा गुणधर्म बदलतो. जोड वरून भक्कम दिसला तरी शेजारून तो पुन्हा तुटतो, आणि तोही नेमका वळणावर.

गाडीखाली जाण्यापूर्वी

जुन्या गाडीवर हात बसलेल्या मेकॅनिकला येथे काही सवयी बदलाव्या लागतात. गाडी चार्जिंगला जोडलेली नाही याची खात्री करावी. गाडी बंद करून तिची किल्ली वा कार्ड दूर ठेवावे, कारण विजेची गाडी ‘चालू’ असली तरी आवाज करीत नाही. उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितले असल्यास १२ व्होल्टच्या लहान बॅटरीची ऋण तार सोडवावी. मात्र काही गाड्यांचे बॉनेट आणि डिकी याच विजेवर उघडतात, तेव्हा ती आधी उघडी ठेवावीत. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत.

नारिंगी रंगाच्या जाड केबली म्हणजे शेकडो व्होल्टचा विद्युतप्रवाह होय. मागच्या आसावर मोटार असलेल्या गाडीत त्या दांड्यापासून हातभर अंतरावरच असतात. त्यांना पाना लागू देऊ नये, त्यांवर दिवा वा हत्यार टांगू नये, मार्गात येतात म्हणून त्या ओढू नयेत. नुसता दांडा काढण्यासाठी हा उच्चदाबाचा मार्ग सहसा उघडावा लागत नाही. काही रचनांत मात्र दांडा बाहेर येण्यासाठी मोटारीसह सबफ्रेम थोडी खाली घ्यावी लागते. तसे असेल तर उच्चदाबाचा पुरवठा पुस्तिकेप्रमाणे तोडून, सांगितलेला वेळ थांबून आणि व्होल्टेज उरले नाही हे मोजून मगच पुढे जावे लागते. ते काम या विषयाचे शिक्षण घेतलेल्या माणसाचेच आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या व्यवसायांत ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा दोन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आता आहे. त्याचा उपयोग अशाच ठिकाणी होतो.

गाडी उचलण्याची जागा हा तर सर्वांत मोठा प्रश्न. विजेच्या गाडीचा तळ मधोमध सपाट आणि भक्कम दिसतो, आणि जॅक तेथे लावण्याचा मोह होतो. तो सपाट भाग म्हणजे बॅटरीची पेटी होय. तिला पडलेला पोचा आतील विद्युतघटांना किंवा त्यांच्या शीतनलिकांना इजा करू शकतो, आणि गाडीतील सर्वांत महाग वस्तू तीच आहे. दारांखालच्या पट्टीवर उत्पादकाने खुणा केलेल्या असतात, जॅक तेथेच लावावा. दोन खांबांच्या लिफ्टचे बाहू पेटीला टेकत नाहीत ना, हे खाली वाकून पाहावे. जॅकची क्षमता गाडीच्या प्रत्यक्ष वजनाशी ताडून घ्यावी. हवेच्या स्प्रिंगा असलेल्या गाडीत उचलण्यापूर्वी जॅकसाठीची खास स्थिती निवडावी लागते. आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. आधाराचे स्टँड लावलेच पाहिजेत.

मागची दोन्ही चाके सारखीच लोंबती किंवा सारखीच टेकलेली असावीत. एक टेकलेले व एक लोंबते असेल तर दांड्यात पीळ साठून राहतो, आणि शेवटचा नट सुटताच दांडा उसळून हातावर बसतो.

काढणे आणि बसविणे

गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडविणारे तेल मारून ठेवावे. तळाचे प्लास्टिकचे आवरण काढताना त्याचे स्क्रू व क्लिपा मोजून एका ताटलीत ठेवाव्यात. पुष्कळदा हे आवरण ‘अडचण’ म्हणून परत बसविलेच जात नाही. विजेच्या गाडीत ते हवेचा रोध कमी करून एका चार्जिंगमध्ये अधिक अंतर कापण्यास मदत करते, तसेच उडणाऱ्या खडीपासून तळाचे रक्षण करते.

प्रथम दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडवावेत. नट फिरविताना आतला गोलक खांबही सोबत फिरू लागतो. त्याच्या टोकाला दिलेल्या खाचेत अॅलन की घालून तो धरावा आणि नट पान्याने फिरवावा. घाईने हवेचे गन-पाने लावले तर सांधा आतून खराब होतो. मग बुशांवरच्या पट्ट्यांचे बोल्ट काढून दांडा एका अंगाने अलगद बाहेर घ्यावा. चाकाच्या वेगमापक संवेदकाची तार, हातब्रेकची तार, मोटारीच्या शीतद्रवाची नळी यांपैकी काही आड येत असेल तर तिची क्लिप सोडवून ती बाजूला घ्यावी.

जुना आणि नवा दांडा जमिनीवर शेजारी शेजारी ठेवून वाकणे, टोकांची भोके आणि व्हर्नियरने मोजलेली जाडी ताडून पाहावी. एकाच गाडीच्या दोन प्रकारांत दांडे भिन्न असू शकतात. डावी-उजवी बाजू उलटी झाली तर दांडा बसल्यासारखा वाटतो, पण चाक वर जाताच आर्मला घासतो. बुशाची चीर जुन्या बुशाच्या चिरेच्या दिशेलाच ठेवावी.

वंगणाविषयी मतभेद आढळतात. वस्तुतः उत्तर साधे आहे. साधा रबरी बुश पुष्कळ गाड्यांत कोरडाच बसवितात. पॉलियुरेथेनच्या बुशासोबत उत्पादकाने दिलेले सिलिकोनचे वंगण लावावे. बेअरिंगसाठी ठेवलेले नेहमीचे ग्रीस रबरावर कदापि लावू नये, ते रबर फुगवते व सडवते. आज करकर थांबते आणि काही महिन्यांत बुश हाती येतो.

सर्व बोल्ट आधी हाताने काही आटे बसवून घ्यावेत, दांडा मधोमध आणावा आणि नंतर टॉर्क पान्याने आवळावेत. किती जोर द्यावयाचा तो आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. दुसऱ्या गाडीचा आकडा चालत नाही. आपोआप आवळून राहणारे नायलॉनच्या कड्याचे नट पुन्हा वापरू नयेत. जोडणीत आर्मचे रबर चिकटविलेले बुश सैल केले असतील, तर शेवटचा जोर गाडी चाकांवर उभी असताना द्यावा, अन्यथा ते बुश कायम पिळलेल्या स्थितीत राहून फाटतात. केवळ दांडा बदलल्याने चाकांची अलाइनमेंट सहसा बिघडत नाही. परंतु आर्म किंवा सबफ्रेम हलविली असेल तर ती तपासून घेतलीच पाहिजे.

जाड दांड्याचा मोह

बाजारात मूळच्याहून जाड दांडे मिळतात आणि ‘गाडी वळणावर चिकटून राहील’ अशी त्यांची जाहिरात केली जाते. येथे थोडे गणित पाहणे इष्ट होय. भरीव दांड्याचा पिळास विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. २० मिलिमीटरच्या दांड्याऐवजी २२ मिलिमीटरचा बसविला, म्हणजे जाडी केवळ एक दशांशाने वाढविली, तरी कडकपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. १९ चा २२ केला तर वाढ ८० टक्क्यांच्या घरात जाते. दोन-तीन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसतही नाही. चाकांना मात्र तो कळतो. काही दांड्यांच्या टोकांना दोन-तीन भोके असतात. लिंक रॉड आतल्या भोकात लावला तर तरफेचा हात आखूड होऊन दांडा आणखी कडक होतो. पोकळ दांड्याचे गणित याच सूत्रातून निघते. २२ मिलिमीटर बाह्य व्यासाची आणि ४ मिलिमीटर जाडीच्या भिंतीची नळी त्याच व्यासाच्या भरीव दांड्याच्या ६० टक्केच वजनाची असते, पण तिचा कडकपणा ८४ टक्के असतो. वजनाला जपणाऱ्या गाड्यांत पोकळ दांडे याच कारणाने वापरतात. ते कमजोर असतात, ही समजूत चुकीची होय.

शर्यतीच्या मार्गावर, गुळगुळीत पृष्ठभागावर, सराईत चालकाला अशा दांड्याचा उपयोग आहे, हे नाकारता येणार नाही. मात्र आपल्या रस्त्यांवर एका चाकाचा खड्डा ही नित्याची बाब आहे. कडक दांडा एका चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूस पोचवितो आणि गाडी डावी-उजवीकडे डोलू लागते. ओल्या घाटातील घसरणीचा विचार वर आलाच आहे. कुटुंबासह प्रवास करणाऱ्याने मूळ मापाचाच दांडा घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याला कमी कलणे हवे आहे त्याने आधी टायरमधील हवा, शॉक अॅब्सॉर्बरची स्थिती आणि टपावरील सामान यांकडे पाहावे. पुष्कळ गाड्यांचा डोल तेथेच थांबतो.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ निर्दिष्ट केलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. दांड्याची जाडी त्या प्रमाणपत्रात लिहिलेली नसते हे खरे. परंतु हमी व विम्याच्या दाव्याच्या वेळी असा बदल वादाचा विषय होऊ शकतो. मूळ मापाचा सुटा भाग घेऊन केलेली दुरुस्ती या वादापासून मुक्त असते. बिल जपून ठेवावे.

काम झाल्यावर पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, हळू घ्यावी. एका चाकाखाली खड्डा येईल अशी जागा पाहून कान द्यावा. सुमारे पाचशे किलोमीटरनंतर नट-बोल्टांचा जोर पुन्हा एकदा तपासावा. नवे बुश आपल्या जागी बसताना जोडणी किंचित सैल होणे शक्य असते.

जुना दांडा बहुधा भंगारात जातो. ट्रकच्या निकामी पाट्यांपासून कोयते व विळे घडविणारे लोहार आपल्याकडे आहेतच, आणि हेही त्याच जातीचे पोलाद आहे. मात्र तडा गेलेला तुकडा कापून टाकून, उरलेलाच भाग भट्टीत घालावा.